चौथा खण

निपाणीत रात्री साडेदहा.
वखारीमागच्या पतसंस्थेत मी,
रखवालदार इराप्पा,
आणि फोनवर हुबळीचा श्रीशैल,
ज्याला मी कधी पाहिलेलं नाही.

सर्व्हरच्या खोलीला अजून तंबाखूचा वास येतो.
दोनदा रंग दिला भिंतींना, तरी.

आठवडाभर कुरकुरते आहे ही डिस्क.
आधी नोंदीत एखादी चूक,
मग वाचताना अडखळणं,
मग मंगळवारी भर दुपारी
शेवंताबाई पोवारांचं पासबुक छापताना
अख्खी संस्था अर्धा मिनिट थांबली.
विड्यांचा सुपडा मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या,
"काय हो, माझे पैसे दमले काय?"

मेली असती तर सोपं होतं.
ही अजून चालते, मधेच बरोबर उत्तरही देते,
आणि बाकीच्या पाचजणी तिच्यासाठी खोळंबतात,
पंगतीत एकाचं पान वाढायचं राहिलंय म्हणून
सगळ्यांनी हात आखडावेत तशा.

आधी नक्कल.
नक्कल घेतली, आणि उघडून पाहिली.
नक्कल आहे म्हणणं आणि नक्कल उघडणं
यांत एक नोकरी जाण्याइतकं अंतर असतं.
पोवार, शेवंता: चार हजार दोनशे सोळा. आहे.

मग तिला बाद म्हणायचं,
आपल्याच हातानं, एका ओळीत.
एंटर दाबायच्या आधी मी चष्मा पुसला. गरज नव्हती.
आता तिला कुणी काही विचारत नाही.

"मूरु," श्रीशैल म्हणतो. "मूरु नंबरची काढा."
इराप्पा बॅटरी धरून मोजतो:
ओंदु, एरडु, मूरु,
आणि त्याचा हात तिसऱ्या खणाच्या खिट्टीवर.

"थांबा की!"

तिसरी धडधाकट आहे.
ती आत्ता उपसली असती तर
साडेसहा हजार खाती आणि आम्ही दोघं
एकदमच रस्त्यावर.

हे यंत्र शून्यापासून मोजतं, इराप्पा.
त्याची मूरु म्हणजे आपली चौथी.
"सोन्नेपासून? रिकाम्यापासून कोण मोजतं हो?"
वीस वर्षं त्यानं याच खोलीत पोती मोजली.
पहिलं पोतं एक असतं.
मला उत्तर देता आलं नाही.

दिवा लावायला सांगितला.
चौथ्या खणावर केशरी ठिपका उघडझाप करू लागला.
तरी विश्वास नाही. खणाच्या कडेला
मीच गेल्या साली चिकटवलेली चिठ्ठी आहे,
तिच्यावरचा क्रमांक तो वाचतो, मी पडद्यावर बघते.

एळु.
सात.
ओंबत्तु.
नऊ.
सोन्ने, सोन्ने.
शून्य, शून्य.
एंटु.
आठ.

बाहेरच्या पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली,
यावरून ती पाटी तीनदा रंगवून झाली आहे.
इथे आठ म्हणजे एंटुच निघाला.

खिट्टी दाबली. बोटभर ओढली, आणि थांबले.
आत तबकडी अजून फिरत होती;
हातात मावळत्या भोवऱ्याचा
हलका, हट्टी पीळ.
अर्धा मिनिट. मग पूर्ण बाहेर.
इराप्पानं पालथा हात लावून बघितला,
"ताप हाय की अजून."

नवी बसवली. खटका वाजला.
हमी शिल्लक आहे, पण जुनी कंपनीला परत जाणार नाही.
शेवंताबाईंचे चार हजार दोनशे सोळा
तिच्यातही आहेत, अर्धेमुर्धे, पुसट.
सोमवारी रामलिंगच्या ड्रिलखाली जाईपर्यंत
ती तिजोरीत, नोंदवहीत दोघांच्या सह्यांसह.

आता फक्त भरत जाणं. सकाळपर्यंत.
यात अजून एखादी रुसली तर काय,
हे मी बोलत नाही. श्रीशैलही बोलत नाही,
फोन मात्र ठेवत नाही.

"किती झालं?"
तीन टक्के.
"सोन्नेपासून धरून?"
व्हय. सोन्नेपासून.

तो थर्मासचं झाकण फिरवतो,
पहिला कप माझ्यापुढं सरकवतो.
"ही सोन्ने," म्हणतो.
"हा माझा एक."